बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये

सांगलीत बहिणीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला फोन टेकवून उभा केलेला असतो. घसरू नये म्हणून पुढे अर्धी वीट. संध्याकाळी साडेपाचला ऊन कललं की फोनमधली बाई हिंदीत ‘अब दाहिना पैर’ म्हणते आणि माझी चौदा वर्षांची भाची उजवा पाय उचलते. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत तिची आजी जपमाळ घेऊन बसलेली. मणी सरकतात, पण नजर नातीच्या ओठांवर. ओठ निळे पडतायत का? तसे ते पडायचे त्याला अकरा वर्षं होऊन गेली. आजीची नजर मात्र अजून तिथंच आहे.

बहीण तेव्हा जत तालुक्यात राहायची. पोरगी चालायला लागली, पळायला लागली आणि पळता पळता मध्येच उकिडवी बसायला लागली. आपल्याकडे उकिडवं बसणं म्हणजे काय नवल? पारावर, बांधावर, एसटीची वाट बघताना अख्खा गाव तसाच बसतो. आम्हाला वाटलं, पोरगी आजोबांची नक्कल करते. ती नक्कल नव्हती, हृदयाचा जन्मजात आजार होता. या आजारात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि अशुद्ध रक्त फुप्फुसाला टाळून अंगभर जातं. उकिडवं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडच्या बाजूचा दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. मूल हे कुणाकडून शिकत नाही. जीव घाबरा झाला की आपोआप खाली बसतं.

अंगणवाडीच्या ताईंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते आरबीएसकेच्या गाडीतल्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे त्या गाडीचं पूर्ण नाव. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधून तो सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. त्या डॉक्टरबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला, नखं बघितली आणि ‘टूडी’ करायला पाठवलं. टूडी म्हणजे टूडी इको, पण आमच्याकडे एवढं लांब कोण म्हणतं! कागदावर आलं : टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो. घरात त्याचं मराठी झालं : पोरीच्या छातीत भोक आहे.

जगात जिवंत जन्मणाऱ्या हजार मुलांत साधारण आठ-नऊ मुलांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. भारतात वर्षाला दोन लाखांहून जास्त अशी मुलं जन्मतात, असा अंदाज आहे. पूर्वी यांतली बरीचशी मोठी होतच नव्हती. त्यामुळे मोठेपणी त्यांनी कसं जगायचं, किती चालायचं, पळायचं का, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बाल्टिमोरला निळ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया झाली. फुप्फुसाकडे जादा रक्त वळवायचं एवढीच ती युक्ती होती. हृदय उघडून टेट्रॉलॉजी दुरुस्त करणं दहा वर्षांनी, १९५४ मध्ये जमलं. तेव्हाच्या त्या शस्त्रक्रियांत मुलाच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी दुसऱ्या माणसाला, बहुतेक वेळा आईला किंवा बापाला, जोडत. तेवढा वेळ त्या माणसाचं हृदय दोघांसाठी चालायचं.

भाचीचं ऑपरेशन २०१४ मध्ये मुंबईत झालं. नीट झालं. ओठ गुलाबी झाले. आणि डिस्चार्ज कार्डावर शेवटून दुसरी ओळ होती : ‘अव्हॉइड स्ट्रेन्युअस एक्झर्शन.’

या लेखाचं कारण ती ओळ आहे. छातीचं हाड कापून पुन्हा तारेनं बांधलेलं, ते सांधायला काही आठवडे जातात, तोवर पोरीला आपटू देऊ नका, दोन्ही काखांत धरून उचलू नका, एवढाच तिचा अर्थ असणार. तीन वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेली ओळ होती ती. पण कार्डावर ‘केव्हापर्यंत’ हे लिहिलेलं नव्हतं. बहिणीनं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात लॉकरमध्ये मंगळसूत्राशेजारी ठेवलं आणि ती ओळ अकरा वर्षं पाळली. खो-खो नाही, लंगडी नाही, सायकल नाही. शाळेत पीटीच्या तासाला पोरगी वर्गात बसून दप्तरं राखायची. गॅदरिंगच्या नाचात तिला झाड केलं. दुसऱ्या वर्षीही झाड. तिसऱ्या वर्षी तिनं भाग घेतला नाही.

आपल्या भाषेत ‘जपणं’ हा फार मायेचा शब्द आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही. ‘जपून हं’ म्हणणाऱ्या आजीला उलट काय बोलणार? पण जपलेल्या मुलाचे स्नायू रोडावतात, वजन वाढतं, जिना चढताना दम लागतो, आणि दम लागला की घरचे म्हणतात, बघा, हृदयाचं आहे ना! दम कधी कधी हृदयाचा असतोही. पण पुष्कळदा तो अकरा वर्षं दप्तरं राखल्याचा असतो. कुठला कुठला, हे घरात बसून कळत नाही. त्यासाठी तपासावं लागतं.

आमच्याकडे ते तपासलं गेलं, तेही वेगळ्याच कारणानं. नववीत ती जिन्यात बसली आणि बहिणीनं मला साताऱ्याला फोन केला, ‘दादा, मला भ्या वाटतंय.’ टूडी झाला, ईसीजीची पट्टी झाली, चोवीस तासांचं होल्टर झालं. हृदयतज्ज्ञ म्हणाले, झडप थोडी गळते, या ऑपरेशननंतर ती गळतेच, पुढे कधी तरी बदलावी लागेल, दर वर्षी दाखवा. आणि मग म्हणाले, ‘हिला चालवा. व्यायाम करू दे.’ बहिणीनं पिशवीतून कार्ड काढून पुढे केलं. डॉक्टरांनी ते वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, ‘हे कधीचं आहे?’

व्यायाम म्हणजे कुठला, किती, यावर ते म्हणाले, मोबाइलवर ॲप असतात की! ओपीडीबाहेर साठ माणसं बसली होती, माझी काही तक्रार नाही.

ॲप फुकट होतं. वय विचारलं, उंची विचारली, वजन विचारलं. हृदयाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारलं नाही. सोबत मनगटावरचा पट्टा मी घेऊन दिला, मामानं दिवाळीला काही तरी द्यावं म्हणून. त्याच दिवाळीत ती साताऱ्याला आली आणि पहिल्याच सकाळी घोळ झाला.

सांगली सपाट आहे. गणपतीच्या देवळापासून विश्रामबागेपर्यंत चाला, पोटरीला काही कळत नाही. सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत बसलाय; इथं दूध आणायला गेलं तरी जाताना उतार आणि येताना चढ. सकाळी आम्ही दोघं चार भिंती म्हणतात त्या टेकाडाकडे निघालो. ॲपनं सांगितलं होतं, वीस मिनिटं भरभर चाला. सांगलीत ती ते आरामात करत होती. इथं सातव्या मिनिटाला कठड्याला टेकली, दोन्ही हात गुडघ्यांवर. आणि मनगटावरचा पट्टा थरथरला. मी वाकून बघितलं. ठोके ११८. खाली सूचना : तुम्ही लक्ष्यापेक्षा कमी आहात, वेग वाढवा.

मी घाबरलो हे कबूल करतो. मागून भरतीची पोरं पळत आली, चढावर, गप्पा मारत. साताऱ्यात थंडीच्या दिवसांत पहाटे कुठल्याही रस्त्यावर ही पोरं दिसतात. सोळाशे मीटरचा घड्याळाशी झगडा. हा जिल्हा पळणाऱ्यांचा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. यवतेश्वरच्या घाटात दर वर्षी हिल हाफ मॅरेथॉन होते. अशा गावात कठड्याला टेकून उभं राहायची लाज वेगळीच असते. भाची म्हणाली, ‘मामा, तू माझ्याकडं बघू नकोस. डोंगर बघ.’

पट्ट्याचं गणित नंतर कळलं. २२० वजा वय, म्हणजे तिच्यासाठी २०६. त्याच्या सत्तर टक्के १४४. तिथपर्यंत ठोके न्या, असं पट्टा म्हणतो. हा हिशेब मुळात ढोबळ. शिवाय जन्मजात हृदयरोगात ऑपरेशन झालेल्या कित्येकांचे ठोके श्रमानं हवे तेवढे वाढतच नाहीत, कारण ठोक्यांची लय धरणारी यंत्रणाच मंद झालेली असते. कुणाला ठोके आवरणारी गोळी चालू असते, कुणाला पेसमेकर असतो. अशा माणसाला ‘वेग वाढवा’ म्हणणं म्हणजे बैलाला दम लागलाय हे गाडीच्या चाकाला विचारून ठरवणं. दहा हजार पावलांचंही तसंच. त्या आकड्यामागे वैद्यकशास्त्र नव्हतं. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये कमरेला लावायचं पाऊलमोजणी यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं होतं. जाहिरातीतला तो आकडा आज आपल्या मनगटावर येऊन बसलाय.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वानलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलला सव्वाशेच्या वर वर्षं झाली, कर्नाटकातून आजही गाड्या भरून पेशंट येतात. तिथल्या एका फिजिओताईंकडे आम्ही गेलो. त्यांनी पट्टा काढून टेबलावर ठेवायला लावला. मग भाचीला बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेलं. तीस मीटरवर दोन खुणा, मध्ये सहा मिनिटं चालायचं, आपल्या वेगानं. बोटाला ऑक्सिमीटर, तोच कोविडच्या साली घराघरांत आलेला आणि आता टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये सेल संपून पडलेला. आधी ऑक्सिजन, नंतर ऑक्सिजन. आधी ठोके, नंतर ठोके, आणि थांबल्यावर ते किती वेळात खाली येतात. मग विचारलं, ‘किती जड गेलं? सहा ते वीस मध्ये सांग.’ सहापासून सुरू होणारी ही पट्टी स्वीडनच्या बोर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं केलेली. निरोगी तरुणाच्या बाबतीत आकड्याला दहानं गुणलं की ठोक्यांच्या जवळपास जावं, असा त्यामागचा विचार. भाची म्हणाली, ‘तेरा.’ ठोके तेव्हा ११२.

ताई म्हणाल्या, ‘तिचं तेरा बरोबर आहे. पट्टा चुकला.’

मग त्यांनी एक नियम सांगितला. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. गाणं म्हणता आलं तर थोडा वाढवायचा. चढ असो, सपाटी असो, गोळी चालू असो, नसो, हे माप ज्याचं त्याला लागू पडतं. चक्कर, छातीत दुखणं, धडधड अचानक सुटणं यांतलं काही झालं तर थांबायचं आणि कळवायचं. आणि एक गोष्ट बहिणीला उद्देशून : ‘वैनी, तुम्ही तिच्या ओठांकडं बघायचं नाही. तिच्याशी बोलायचं.’

बाहेर बाकावर माणकडचा एक मुलगा बसला होता. एकोणीस-वीस वर्षांचा, अंगानं काटक. लहानपणी हृदयातलं भोक बंद केलेलं. गावातली सगळी दोस्तमंडळी भरतीची तयारी करतात. तो फिजिओताईंना म्हणत होता, ‘मला भरतीत घेणार न्हाईत, म्हाईत हाय. पण पळू तर द्या.’ त्याला अठरा पूर्ण झाल्यावर गाडीवाल्या डॉक्टरांशी संबंध संपला, मोठ्यांच्या हृदयतज्ज्ञाकडे कुणी धाडलं नाही, दोन वर्षांत टूडी झालेला नाही. ताईंनी त्याला आधी टूडी करून यायला सांगितलं. तो हसला आणि शेवटच्या एसटीची वेळ विचारून निघून गेला.

आता ॲपबद्दल, कारण त्याचा राग काढून भागणार नाही. घरच्या घरी व्यायाम, फोनवरून सूचना, दूर बसलेला तज्ज्ञ, ही कल्पना आपल्या भागासाठी सोन्यासारखी आहे. कोयनेकाठच्या वाडीतून मिरजेला फिजिओसाठी आठवड्यातून दोनदा कोण येणार? पण ती कल्पना नीट तपासली गेलीय, आणि निकाल गोड नाहीत. डेन्मार्कमध्ये १५८ किशोरवयीन मुलामुलींवर ५२ आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीचे हृदयदोष असलेली ही मुलं. अर्ध्यांना मोबाइल-इंटरनेटवरून व्यायामाचा सततचा तगादा. वर्षाअखेर त्यांची दमसास-क्षमता तगादा नसलेल्या मुलांपेक्षा वाढलेली निघाली नाही. म्युनिकमध्ये सत्तर मुलांतल्या अर्ध्यांना वेबवरून व्यायाम दिला, चोवीस आठवडे, आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं. तिथंही फरक दिसला नाही.

याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात, टोरांटोमध्ये ऑपरेशन झालेल्या मुलांना घरी करायचा सहा आठवड्यांचा साधा कार्यक्रम दिला होता. तेव्हा फोन भिंतीला टांगलेले असत. त्या मुलांची तब्येत सुधारली, आणि पाच वर्षांनी पुन्हा बोलावून बघितलं तर सुधारणा टिकलेली होती. प्रयोग लहान होता, काळ वेगळा होता, हे धरूनही मला त्यात एक गोष्ट दिसते. ऑपरेशन ताजं असताना, घरात भीतीनं पाट मांडायच्या आधी, कुणी तरी जबाबदार माणसानं ‘हे कर, एवढं कर’ असं आई-बापांना सांगितलं होतं. डेन्मार्कच्या पोरांना फोन ढोसत होता, पण तोवर ती तेरा वर्षांची किंवा त्याहून मोठी झाली होती. तेरा वर्षं ‘जपून’ ऐकलेल्या पोराला फोनचं ऐकावंसं का वाटावं? हा माझा तर्क आहे, शास्त्रज्ञांचा नव्हे.

शास्त्रज्ञांचं म्हणणं आता स्पष्ट आहे. अमेरिकेच्या हृदय संघटनेनं २०१३ मध्ये सांगून टाकलं की जन्मजात हृदयरोग असलेल्यांना हालचाल करायला लावा, बंदी घालायची तर नेमकी कशावर ते सांगा. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये ज्याचा त्याचा व्यायाम ठरवायची रीत मांडली. ते आजाराचं नाव बघत नाहीत. हृदयाचे कप्पे कसे चालतात, फुप्फुसातला दाब किती, महाधमनी फुगलीय का, ठोक्यांची लय बिघडते का, श्रमानं ऑक्सिजन घसरतो का, हे पाच बघतात आणि मग डोस लिहितात. डोसच म्हणायचं, गोळीसारखा. काहींना खरंच बंदी असते. महाधमनी फुगलेली असेल किंवा झडप अरुंद असेल तर दम कोंडून जोर मारणं वाईट. कुंडलच्या कुस्ती मैदानाच्या या मुलखात ते सांगणं सोपं नाही, कारण आमच्याकडे व्यायाम म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे जोर. रक्त पातळ ठेवणारी गोळी असेल तर कबड्डी-कुस्ती नको. आणि ज्यांच्या हृदयाला एकच कामाचा कप्पा आहे, त्यांचं तर नवलच. त्यांच्यावर फोंटान नावाची शस्त्रक्रिया करतात, १९७१ मध्ये फ्रेंच सर्जन फ्रान्सिस फोंटान यांनी तिची माहिती पहिल्यांदा छापली. त्यानंतर शरीरातलं अशुद्ध रक्त हृदयात न येता थेट फुप्फुसात जातं. ढकलायला पंपच नसतो. मग ढकलतं कोण? श्वास, आणि पायाचे स्नायू. पोटरी आवळली की रक्त वर चढतं. अशा मुलाला ‘बसून राहा’ म्हणणं म्हणजे त्याचा पंप बंद ठेवणं.

घरच्या घरी व्यायाम ही या मुलखाला नवी गोष्ट नव्हे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, स्वतः हयातभर घातले, त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये लंडनमधून त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि त्यांनी दिलेल्या जागेवर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. ना सामान लागतं, ना मैदान. एक सतरंजी आणि दहा आकृत्यांचा तक्ता. त्या काळचं ॲपच ते. मला राजेसाहेबांचं कौतुक आहे, पण सक्तीच्या रांगेत दर हजारात आठ-नऊ मुलं अशीही जन्मली असणार, हे मनातून जात नाही. त्यांतलं एखादं निळं पडून उकिडवं बसलं असेल तर मास्तरांनी त्याला आळशी म्हटलं असेल की आजारी? एकीकडे सगळ्यांना सारखा डोस, दुसरीकडे एखाद्याला कायमची बंदी. मधलं माप काढायला माणूस लागतो.

आमच्याकडे आता असं चाललंय. ॲप आहे, पण पट्ट्याचं लक्ष्य बंद केलंय. फिजिओताईंनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर आठवड्याचा डोस लिहून दिला, बहिणीनं त्याचा फोटो काढून फ्रिजवर चिकटवला. सोमवार, बुधवार, शुक्रवार गच्चीवर पायांचे आणि हातांचे व्यायाम, श्वास न कोंडता, आकडे मोठ्यानं मोजत, कारण मोठ्यानं मोजलं की दम कोंडताच येत नाही. बाकी दिवशी चालणं. रविवारी ताईंना व्हॉट्सॲपवर तीन आकडे. पहिल्या महिन्यात दोन रविवार चुकले तेव्हा ताईंचा फोन आला, ‘काय गं, मेलीस का?’ कुठल्या ॲपनं असं विचारलं असतं? शाळेला हृदयतज्ज्ञांचं पत्र दिलं. पीटीचे सर ते वाचून म्हणाले, ‘म्हणजे मी हिला घेऊ शकतो?’ इतकी वर्षं त्यांनाही कुणी परवानगी दिली नव्हती.

छातीवरचा वण मात्र ती अजून लपवते. गळाबंद टी-शर्ट, सांगलीच्या मेच्या उन्हातही. बहिणीला लग्नाची काळजी, आजीला बहिणीची. त्याला अजून कुणी डोस लिहून दिलेला नाही.

गेल्या महिन्यात मी सांगलीला गेलो होतो. संध्याकाळी आम्ही तिघं आयर्विन पुलावर चालायला गेलो. १९२९ चा दगडी पूल, खाली कृष्णा गढूळ आणि संथ. पावसाळ्यात अख्खी सांगली या पुलाजवळची पाण्याची पातळी ऐकून झोपायचं की सामान वर हलवायचं ते ठरवते. पलीकडे सांगलीवाडीला टेकून परत यायचं ठरलं. जाताना भाची शाळेतलं काहीबाही सांगत होती, कोण कुणाशी बोलत नाही वगैरे. परत येताना ती पुढे गेली, मी मध्ये, बहीण मागे राहिली. घरचं, दुकानचं, सासूचं करून बहिणीनं स्वतः शेवटचं चालणं कधी केलं होतं कुणास ठाऊक. पुलाच्या मध्यावर ती कठड्याला टेकली. भाची मागे वळून आली, आईचं मनगट धरलं, तिच्या तोंडाकडे बारीक बघितलं.

‘आई, बोल बघू काहीतरी. बोलता येतंय का?’

‘गप,’ बहीण म्हणाली, आणि श्वास घेऊन, ‘चल... पुढं... हो.’

‘तुटतंय वाक्य,’ भाची मला म्हणाली. ‘मामा, हिला हळू आण.’